अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या: कुठली कुठे काम करते आणि थांबवली तर काय होतं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, हृदयाच्या एलएडी या रक्तवाहिनीत एक औषधी स्टेंट बसवला. इकोमध्ये पंपिंग ४५ टक्के. रोजच्या गोळ्या: ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, ॲटोर्वास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५०, रॅमिप्रिल ५, पॅन्टोप्राझोल ४०, शिवाय खिशात सॉर्बिट्रेट ५. आता दाढ काढायची आहे आणि डेंटिस्ट म्हणतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या. महिनाभर कोरडा खोकला आहे. गुडघ्यासाठी अधूनमधून पेनकिलर चालू असते. आणि घरातल्या सगळ्यांचा प्रश्न: एवढ्या गोळ्या खरंच लागतात का?

दाढेचं आधी सांगतो, कारण तिथे झालेली चूक निस्तरता येत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्हींपैकी एकही गोळी कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय थांबवू नका. अटॅकनंतर स्टेंट बसला की या दोन्ही साधारणपणे १२ महिने चालवतात. वडिलांचे जेमतेम चार झालेत. दाढेच्या खड्ड्यातून येणारं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबतं. स्टेंटमध्ये धरलेल्या गुठळीवर असा बोळा दाबता येत नाही.

'रक्त पातळ करायची गोळी' हा शब्दच घोटाळा करतो. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही, रक्तातल्या प्लेटलेट्सचा चिकटपणा कमी होतो. व्हॉल्व्ह बदललेल्यांना मिळणारी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमरॉल ही वेगळीच मंडळी. त्या यकृतात, गुठळीला लागणारे घटक तयार होतात तिथे अडथळा आणतात आणि म्हणून त्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासावा लागतो. वडिलांच्या गोळ्यांचा आयएनआरशी संबंध नाही. तो नॉर्मल आला, यावरून दाढेतून रक्त किती येईल हे कळत नाही.

प्लेटलेट रक्तवाहिनीच्या फाटलेल्या जागी पोचली की बाकीच्यांना हाका मारते. त्यातल्या दोन हाका आपल्या कामाच्या. एक थ्रॉम्बॉक्सेन नावाच्या रसायनाची, दुसरी एडीपीची. थ्रॉम्बॉक्सेन बनवायला कॉक्स-१ हे एन्झाइम लागतं. ॲस्पिरिन त्या एन्झाइमच्या खोबणीत एक छोटासा रासायनिक तुकडा कायमचा चिकटवून देते. 'कायमचा' हा शब्द इथे महत्त्वाचा. खुद्द ॲस्पिरिन रक्तातून १५-२० मिनिटांत निम्मी होते, दीडएक तासात जवळजवळ दिसेनाशी होते. पण प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणून तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकीच राहते. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींचंही एन्झाइम मारलं जातं, पण त्यांना केंद्रक असतं, त्या नवं करून घेतात. शिवाय आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच ॲस्पिरिन प्लेटलेट्सना गाठते, आणि यकृत तिचा बराचसा भाग पुढे जाऊ देण्याआधीच निकामी करतं. म्हणून डोकेदुखीला ३०० ते ६०० मिलिग्रॅम लागणारी ही गोळी इथे ७५ मध्ये भागते.

मग असर आठवडाभर टिकतो तर रोज कशाला घ्यायची? कारण अस्थिमज्जा रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट्स सोडते आणि त्या नव्यांना कुणी मुकं केलेलं नसतं. एक दिवस गोळी चुकली तर फारसं बिघडत नाही. आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. सलग तीन-चार दिवस चुकली तर गुठळी धरण्याइतक्या बोलक्या प्लेटलेट्स जमा होतात.

क्लोपिडोग्रेल दुसरी हाक बंद करते. एडीपी ज्या कडीला येऊन अडकतो, त्या पी-२-वाय-१२ नावाच्या रिसेप्टरलाच ती कुलूप घालते, तेही कायमचं. पण गोळीत असतं ते कच्चं औषध. पोटात गेल्यावर त्याचा सुमारे ८५ टक्के भाग शरीर वायाच घालवतं. उरलेल्याचं यकृतातल्या एन्झाइम्सनी खऱ्या औषधात रूपांतर करायचं असतं, आणि त्यात सीवायपी-२-सी-१९ या एन्झाइमचा वाटा मोठा. काहींना हे एन्झाइम जन्मतःच मंद मिळतं, आणि भारतीय उपखंडातल्या लोकांत हे प्रमाण बऱ्यापैकी आहे. त्यांना क्लोपिडोग्रेल कमी लागू पडते. अशा वेळी, किंवा अटॅक मोठा असेल तर सुरुवातीपासूनच, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. टिकाग्रेलॉरला यकृताच्या मदतीची गरज नाही, पण तिचं कुलूप कायमचं नसतं, म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. तिच्याने काहींना उगाचच दम लागल्यासारखं वाटतं. ते माहीत नसेल तर हृदय परत बिघडलं म्हणून धावपळ होते.

डेंटिस्टचे 'पाच दिवस' आले कुठून, तेही यावरूनच कळेल. पाच दिवसांत जवळपास निम्म्या प्लेटलेट्स नव्या होतात, म्हणून बायपाससारख्या मोठ्या ऑपरेशनआधी क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवतात. तो नियम एका दाढेला लावायचं कारण नाही. स्टेंट ही शेवटी धातूची उघडी जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत रक्ताच्या दृष्टीने ती परकीच वस्तू. औषधी स्टेंटवरचं औषध आत जखमेचं मांस वाढू नये म्हणून असतं, आणि तेच औषध हे अस्तर चढणंही लांबवतं. चौथ्या महिन्यात पाच दिवस दोन्ही गोळ्या बंद ठेवणं म्हणजे ती जाळी बोलक्या प्लेटलेट्सच्या हवाली करणं.

डेंटिस्टना स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं लिहून द्या, आणि हे विचारा: एका वेळी एकच दाढ काढता येईल का, अपॉइंटमेंट सकाळची मिळेल का, म्हणजे रक्त येत राहिलं तर दिवसा परत जाता येईल, खड्ड्यात टाका आणि रक्त थांबवणारा स्पंज घालणार का, ट्रानेक्सॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा हाताशी आहे का. घरी आल्यावर बोळा अर्धा तास न उघडता दाबून ठेवायचा. दर पाच मिनिटांनी 'थांबलं का' म्हणून काढून बघितलं की धरलेली गुठळी उपटली जाते आणि रक्त पुन्हा चालू होतं. त्या दिवशी गरम चहा, गुळण्या, तंबाखू काही नाही. दाढेआधी आणि दाढेनंतरही दोन्ही गोळ्या नेहमीच्या वेळेला.

डेंटिस्टच्या चिठ्ठीत बहुधा पेनकिलर असेल, आणि गुडघ्यासाठी तर ती चालूच आहे. माझ्या मते तुमच्या वडिलांच्या बाबतीत दाढेपेक्षा हाच धोका मोठा आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. आयबुप्रोफेन कॉक्स-१ च्या त्याच खोबणीत जाऊन बसते जिथे ॲस्पिरिनला शिरायचं असतं. ती कायमची चिकटत नाही, काही तासांनी निघून जाते. पण तोवर अल्पायुषी ॲस्पिरिन रक्तातून संपलेली असते. म्हणजे गोळी घेतली, पोटात गेली, आणि काम शून्य. साधी ॲस्पिरिन आधी घेऊन अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घेतली तर अडचण टळते असं सांगितलं जातं; पण आपल्याकडे ७५ ची ॲस्पिरिन बहुतेक वेळा आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची असते, ती किती वाजता शोषली जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हे वेळेचं गणित घरी करत बसू नये.

दुसरी गोष्ट किडनीची. किडनीतल्या गाळणीला एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी बारीक रक्तवाहिनी असते. गाळायला दाब लागतो, आणि तो या दोघींच्या तोंडांवर ठरतो. आत येणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन्स नावाच्या रसायनांमुळे रुंद राहते. पेनकिलर ती प्रोस्टाग्लँडिन्स बंद करते, म्हणजे येणारा नळ बारीक झाला. बाहेर जाणारी वाहिनी अँजिओटेन्सिन-२ नावाचा शरीरातलाच एक हार्मोन आवळून धरतो. रॅमिप्रिल त्याला कमी करते, म्हणजे जाणारा नळ मोठा झाला. टाकीतला दाब पडला. त्यात लघवी वाढवणारी गोळी, जुलाब-उलट्या, किंवा अकोला-चंद्रपूरकडचं मे महिन्याचं ऊन यांपैकी काही आलं की क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते दाखवणारा रक्तातला घटक) दोन-तीन दिवसांत चढतं. तेव्हा डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही नावं चिठ्ठीत दिसली तर डेंटिस्टना तिथेच सांगा. पॅरासिटामॉल चालेल: ५०० किंवा ६५० ची, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून, दिवसभरात एकूण ३ ग्रॅमच्या आत. गुडघ्याला वरून लावायचं जेल थोडं-थोडं वापरलं तर रक्तात फार कमी जातं.

जुलाब-उलट्या लागून पाणीही पोटात ठरत नसेल तर रॅमिप्रिल एक-दोन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारावं. या यादीतली ही एक गोळी अशी आहे जिच्याबाबत थोडे दिवस थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं.

आता खोकला, कारण तोही रॅमिप्रिलचाच असण्याची शक्यता जास्त. रॅमिप्रिल ज्या एन्झाइमला अडवते त्याची दोन कामं असतात. एक, अँजिओटेन्सिन-१ चं २ करणं. हा २ रक्तवाहिन्या आवळतो, मीठ-पाणी धरून ठेवतो आणि अटॅकने जखमी झालेल्या हृदयाच्या भिंतीचा आकार हळूहळू बिघडवतो. दुसरं काम, ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडणं. एन्झाइम अडवलं की पहिल्यामुळे बीपी उतरतं आणि हृदय पसरत नाही. दुसऱ्यामुळे ब्रॅडिकायनिन साचतं आणि श्वासनलिकेला गुदगुल्या होतात. गंमत अशी की या औषधांचा शोधच ब्रॅडिकायनिनच्या वाटेने लागला. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात ब्रॅडिकायनिन टिकवून ठेवणारे पदार्थ सापडले, त्यावरून कॅप्टोप्रिल बनलं आणि १९८१ साली ते बाजारात आलं. म्हणजे ज्यातून औषध मिळालं, त्यातच खोकलाही होता.

हा खोकला कोरडा, घशात काहीतरी खवखवल्यासारखा असतो. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनीही येतो. कफ सिरपने जात नाही, डोस कमी करूनही सहसा जात नाही. गोळी बदलली की एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना अजून वेळ लागतो. बदली म्हणून टेल्मिसार्टन, व्हॅल्सार्टन अशी 'सार्टन' गटातली गोळी देतात. ती एन्झाइमला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतो ती जागा अडवते, त्यामुळे ब्रॅडिकायनिन साचत नाही. पण बदल डॉक्टरांनी करायचा, आणि त्याआधी त्यांनी छाती तपासायला हवी. आडवं झाल्यावर वाढणारा, उशा वाढवाव्या लागणारा, पायावर सूज असताना येणारा खोकला हा पाणी साठल्याचा असू शकतो, आणि तेव्हा गोळी बदलून काही होणार नाही. ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त असं काही असेल तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट बघायची नाही: गोळी त्याच क्षणी बंद, आणि तडक इमर्जन्सीत.

रॅमिप्रिल असो की टेल्मिसार्टन, सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन आधीच्या तुलनेत ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेक वेळा तसंच चालू ठेवतात. वर सांगितलेला जाणारा नळ मोठा झाल्याचाच तो परिणाम असतो. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी. बीपी आहे म्हणून घरात कौतुकाने आणलेलं 'लो सोडियम' मीठ इथे नडतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. साधं मीठच कमी खावं.

मेटोप्रोलॉल हृदयाच्या बीटा-१ रिसेप्टरवर बसून ॲड्रेनालिनला तिथे येऊ देत नाही. ठोके मंदावतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याचा फायदा कसा, तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. आकुंचन पावताना तो आपल्याच वाहिन्या पिळून बंद करतो. मिनिटाला १०० ठोके असताना विसावा कमी, ६० असताना जवळपास दुप्पट. काम कमी आणि खाणं जास्त, असा दुहेरी लाभ. पण ही गोळी अचानक बंद करणं वाईट. महिनोन्महिने रिसेप्टर अडवले की हृदय त्यांची संख्या वाढवून ठेवतं. एक दिवस गोळी गेली की वाढलेल्या सगळ्या रिसेप्टरवर ॲड्रेनालिन एकदम तुटून पडतं: धडधड, बीपी, छातीत दुखणं. म्हणून बंद करायचीच झाली तर एक-दोन आठवडे डोस उतरवत. पंपिंग पूर्ण चांगलं असलेल्यांना ही गोळी वर्षानंतरही लागते का, यावर अलीकडे बराच खल चालू आहे. ४५ टक्क्यांवर असलेल्या तुमच्या वडिलांना ती चर्चा सध्या लागू नाही.

केमिस्टकडे एक तपासा: सक्सिनेट आणि टार्ट्रेट हे मेटोप्रोलॉलचे दोन क्षार आहेत. सक्सिनेटची गोळी दिवसभर हळूहळू सुटणारी, एकदाच घ्यायची. टार्ट्रेट लवकर संपते, दोनदा लागते. 'तेच औषध आहे' म्हणून टार्ट्रेट हातात पडली आणि एकदाच घेतली तर रात्र कोरडी जाते. सक्सिनेटची गोळी मधल्या रेषेवर मोडली तर चालते, कुटून किंवा चावून नाही. तसं केलं तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. नाडी ५० च्या खाली, चक्कर, किंवा दम्याची शिट्टी, यांपैकी काही झालं तर कळवा.

ॲटोर्वास्टॅटिनबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक: 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, म्हणून बंद केली.' ते नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. ती यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते. यकृताला तुटवडा भासतो, मग ते आपल्या पृष्ठभागावर जास्त एलडीएल रिसेप्टर मांडतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आत ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत सगळं पूर्वपदावर. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा निरोगी माणसाची असते. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल निम्म्याने तरी उतरावं आणि ५५ च्या खाली जावं, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ४० ने तिथवर पोचलं नाही तर ८० करून जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं, म्हणून बरेच डॉक्टर त्यापेक्षा एझेटिमाइब १० जोडतात, जी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते. ॲटोर्वास्टॅटिन शरीरात बराच वेळ राहते, त्यामुळे ती रात्रीच घ्यावी असं नाही. दोन्ही मांड्या किंवा दंड दुखायला लागले, लघवी कोकमासारखी गडद झाली तर सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करायची. आणि दाढेनंतर अँटिबायोटिक लिहिलंच तर त्यात क्लॅरिथ्रोमायसिन नको: ते ॲटोर्वास्टॅटिनचं विघटन रोखतं, गोळीची रक्तातली पातळी चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. ॲमॉक्सिसिलिनचा असा त्रास नाही.

पॅन्टोप्राझोल ही 'गॅसची गोळी' म्हणून सगळ्यात आधी गळते. दोन प्लेटलेट-विरोधी गोळ्या चालू असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ती दिलेली असते. नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या, कारण जठरातले आम्लाचे पंप जेवणाने जागे होतात आणि ती जाग्या पंपांनाच बंद करते. तिच्याऐवजी केमिस्टने ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल दिली तर नको म्हणा. क्लोपिडोग्रेलला जे एन्झाइम लागतं तेच या दोघी अडवून ठेवतात. शौच डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

खिशातली सॉर्बिट्रेट छातीत दुखलं तर घ्यायची. गिळली तर यकृत तिचा बराच भाग वाटेतच संपवतं आणि असर उशिरा येतो, म्हणून जिभेखाली. ती नायट्रिक ऑक्साइड सोडते, शिरा सैल पडतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि त्याचं ओझं कमी होतं. बीपीही उतरतं, म्हणून बसून घ्यायची. उभ्याने घेऊन माणसं चक्कर येऊन पडतात. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर नाही. पाच मिनिटांत दुखणं हटलं नाही तर १०८ ला फोन, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून. ७५ च्या चार चालतात. चावल्यामुळे आवरण फुटतं. लैंगिक ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास सॉर्बिट्रेट वर्ज्य, कारण दोन्ही मिळून बीपी कोसळतं. हा प्रश्न वडिलांना मुलासमोर नको वाटेल. डॉक्टरांनी एकांतात विचारलेला बरा.

गोळ्या कमी करता येतील का? आज तरी काढून टाकण्यासारखी एकही नाही, १२ महिने झाल्यावर क्लोपिडोग्रेलचा विचार होईल. संख्या कमी हवी असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोर्वास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. मात्र त्यांतल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये ॲटोर्वास्टॅटिन १० किंवा २० चीच असते, ४० ची नाही. आणि कॅप्सूल सुरू केली की सुट्या स्ट्रिप्स घरातून काढून टाका. नव्या कॅप्सूलसोबत जुन्या गोळ्याही चालू राहून महिनाभर दुप्पट ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल पोटात जाणं ही नेहमीची भानगड आहे. ब्रँडचं नाव बाजूला ठेवून स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेली औषधांची नावं आणि मिलिग्रॅम एकदा कागदावर उतरवून काढा, म्हणजे कुठलं औषध दोनदा येतंय ते लगेच दिसेल. डेंटिस्टकडे जातानाही तोच कागद न्या.